चाळिशी आणि बेताळां

मराठी भाषेत 'चाळिशी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे आपणास ठाऊकच आहे. चाळीस वर्षांचे वय हा एक आणि त्या वयात नाकावर येऊन बसणारा वाचनाचा चष्मा हा दुसरा. 'त्यांना चाळिशी लागली' असे म्हटले की माणसाने अमुक वर्षे पुरी केली एवढाच बोध होत नाही. पोथी किंवा वर्तमानपत्र हात लांब करून धरण्याची त्याला आता गरज पडू लागली, असाही होतो. आमच्या शेजारच्या गुजराती भाषेने याच वस्तूला 'बेताळां' हे नाव दिले आहे. बेताळीस म्हणजे आपले बेचाळीस. म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांना चाळीस वर्षे पुरली, तर गुजराती माणसाच्या डोळ्यांना बेचाळीस! दोन भाषांच्या हिशेबात दोन वर्षांचा फरक पडला आहे. हा फरक गमतीचा वाटला, तरी एका वस्तूचा सातशेहून अधिक वर्षांचा इतिहास त्यात दडलेला आहे. त्या इतिहासाचा मागोवा घेण्याचा आज विचार आहे.

या दोन्ही शब्दांची सांगड पडावी असे गाव म्हणजे बडोद्याजवळचे डभोई. १ एप्रिल १७३१ रोजी पहिले बाजीराव पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची जी लढाई झाली आणि जीत दाभाडे पडले, ती याच डभोईच्या परिसरात. पुढे गायकवाडांच्या अमलात येथे गुजराती व्यापारी, शेतकरी आणि कारागीर यांच्या शेजारी मराठी कारकून, शिलेदार आणि भिक्षुक यांची घरे नांदली. एका पेठेत एकजण चाळिशी मागणार आणि दुसरा बेताळां मागणार, हे तेथे ओघानेच आले.

परंतु डभोईचे वैभव त्याहून पुष्कळ जुने. या नगरीचे प्राचीन नाव दर्भावती. तेराव्या शतकात, वाघेल्यांच्या काळात, येथील तटाला जे भव्य दरवाजे झाले, त्यांतील पूर्वेची हिराभागोळ पाहण्यास आजही दूरदूरचे लोक येतात. त्या दगडावर देवता, गज, नर्तक आणि वेलबुट्टी यांची जी दाटी आहे, ती पाहताना एक विचार मनात येतो. हे काम करणाऱ्या पाथरवटांपैकी जे चाळिशी ओलांडून गेले असतील, त्यांनी बारीक नखकाम कसे केले असेल? त्या काळी डभोईतच नव्हे, तर साऱ्या जगात चष्मा नावाची वस्तू अस्तित्वात नव्हती. ज्याच्या डोळ्यांना जवळचे अंधुक दिसू लागले, त्याने मोठी छिन्नी हाती ठेवावी आणि बारीक छिन्नी तरुण मुलाच्या हाती द्यावी, याखेरीज दुसरा उपाय नव्हता. म्हणजे कारागिराचा हात अनुभवाने पक्का व्हावा आणि नेमका त्याच वेळी डोळ्याने दगा द्यावा! मनुष्यजातीने हे नुकसान हजारो वर्षे मुकाट्याने सोसले.

त्यावर उपाय निघाला तो त्याच तेराव्या शतकाच्या अखेरीस, इटलीमध्ये. भिंगाने अक्षर मोठे दिसते ही गोष्ट काही नवी नव्हती. प्रकाश व दृष्टी यांविषयी अरब पंडित इब्न अल् हैथम याने अकराव्या शतकाच्या प्रारंभी मोठा ग्रंथ लिहिला होता आणि तो लॅटिनमध्ये जाऊन युरोपच्या मठांतून वाचला जात होता. परंतु फुगीर भिंगांची जोडी करून ती डोळ्यांपुढे बसवावी, ही युक्ती कोणा कारागिराची. त्याचे नाव इतिहासाने राखलेले नाही. जोर्दानो नावाच्या एका धर्मोपदेशकाने फेब्रुवारी १३०६ मध्ये फ्लॉरेन्स येथे दिलेल्या प्रवचनात, ही कला सापडून अद्याप वीस वर्षेही झाली नाहीत, असे सांगितले. त्यावरून तिचा जन्म १२८६ च्या आसपास धरतात. १३५२ साली त्रेव्हीझो येथील मठाच्या भिंतीवर एका कार्डिनलचे चित्र काढले गेले. तो लिहीत बसला आहे आणि त्याच्या नाकावर चष्मा आहे. चष्म्याचे हे सर्वांत जुने ज्ञात चित्र होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हे पहिले चष्मे सारे फुगीर भिंगांचे, म्हणजे केवळ जवळचे पाहण्यासाठी होते. लांबचे अंधुक दिसणाऱ्या तरुणांना उपयोगी पडणारे खोलगट भिंग पुढे शंभर-दीडशे वर्षांनी प्रचारात आले. चष्मा जन्मला तो 'चाळिशी' म्हणूनच. आणि तो कोणाच्या हाती प्रथम गेला? नांगर धरणाऱ्याच्या नव्हे, तर ग्रंथांच्या नकला करणारे भिक्षू, दस्त लिहिणारे लेखक आणि हिशेब ठेवणारे व्यापारी यांच्या हाती. अक्षर आणि चष्मा यांची गाठ पहिल्याच दिवशी पडली, ती आजतागायत सुटलेली नाही.

आता चष्मा निवडावा कसा, हा प्रश्न. त्या काळच्या दुकानदारापाशी डोळा मोजण्याचे साधन नव्हते. त्याने सर्वांत सोपी युक्ती काढली : वय विचारावे आणि भिंग द्यावे. मिलानच्या ड्यूकांनी फ्लॉरेन्सहून मागवलेल्या चष्म्यांची पत्रे उपलब्ध आहेत. १४६२ च्या पत्रात फ्रान्चेस्को स्फोर्झा याने तीन डझन चष्मे मागवले. त्यांत लांबचे पाहण्याचे वेगळे आणि वृद्धांसाठी जवळचे पाहण्याचे वेगळे अशी वर्गवारी होती. चारच वर्षांनी, १४६६ साली, त्याच्या मुलाने जी मोठी मागणी पाठवली, तिच्यात वयाचे पाच-पाच वर्षांचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यासाठी निरनिराळे चष्मे लिहिलेले आहेत. तेव्हा वयावरून भिंग ठरवण्याची रीत पंधराव्या शतकातच कारागिरांच्या अंगवळणी पडली होती, हे उघड आहे. याच सुमारास गुटेनबर्गचा छापखाना सुरू झाला. पुस्तके स्वस्त झाली, वाचक वाढले आणि चष्म्याचा खपही त्यांच्यामागून वाढत गेला.

या रीतीला शास्त्राचे पहिले रूप दिले ते स्पेनमधील बेनितो दासा दे व्हाल्देस याने. १६२३ साली सेव्हिल येथे त्याने चष्म्यांच्या उपयोगावर एक ग्रंथ छापला. त्यात कोणत्या वयाला किती बळाचे भिंग लागेल याचे कोष्टक दिले आहे. त्यात गंमत अशी, की त्याच वयाच्या पुरुषापेक्षा स्त्रीला त्याने अधिक बळाचे भिंग सांगितले. स्त्रियांची दृष्टी दुर्बळ असते, अशी त्याची एक समजूत होती. ती आज आपण सोडून देऊ. परंतु स्त्रियांचे काम अधिक बारीक असते, हेही कारण त्याने दिले, आणि ते मात्र सोडून देण्याजोगे नाही. वयाच्या कोष्टकात कामाचा विचार येथे प्रथम डोकावला. त्या विचाराला पुरते महत्त्व मिळण्यास पुढे अडीचशे वर्षे लागली.

आपल्या देशात चष्मा केव्हा आला, याचा शोध घेण्याचे श्रेय एका मराठी विद्वानाकडे जाते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी हिंदुस्थानातील अनेक लहानसहान वस्तूंचे इतिहास जुन्या हस्तलिखितांतून वेचून काढले. चष्मा ही त्यांतील एक. विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या काळी होऊन गेलेले माध्व संप्रदायाचे आचार्य व्यासतीर्थ यांचे चरित्र सोमनाथ नावाच्या कवीने 'व्यासयोगिचरित' या संस्कृत ग्रंथात लिहिले आहे. त्यात आचार्य ग्रंथ वाचताना डोळ्यांवर उपनेत्र धारण करतात असा उल्लेख आहे, तो गोडे यांनी पुढे मांडला. हा काळ १५२० च्या सुमाराचा, म्हणजे आचार्य साठीच्या पुढे गेलेले. पोर्तुगीजांनी गोवे घेतले १५१० साली, आणि विजयनगरशी त्यांचे व्यापाराचे नाते होते. ही वस्तू त्याच वाटेने आली असावी, असे अनुमान सहज निघते. 'चष्मा' हा शब्द मात्र आपल्याकडे आला तो फारसीतून. 'चश्म' म्हणजे डोळा. संस्कृत पंडितांनी 'उपनेत्र' म्हटले, दरबाराने 'चष्मा' म्हटले आणि घरातील माणसांनी वयाचाच आकडा घेऊन 'चाळिशी' म्हटले. पहिल्या दोन नावांत डोळा आहे, तिसऱ्या नावात काळ आहे. अनुभव सर्वांत अचूक पकडला तो घरच्या माणसांनी.

मग व्यासतीर्थांच्या नाकावर १५२० मध्ये असलेली ही वस्तू डभोईच्या खेड्यापाड्यांतून पोहोचण्यास इतका काळ का लागावा? भिंगे महाग होती, परदेशातून येत होती, हे खरेच. परंतु त्याहून मोठे कारण असे, की बहुसंख्य लोकांना वाचावयाचे असे काही नव्हतेच. विद्या होती, पण ती थोड्यांपाशी. जैन पंडित यशोविजयजी यांचा अंत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच डभोईत झाला आणि त्यांच्या पादुकांचे दर्शन भाविक येथे घेतात. अशा मुनींच्या हाती पोथ्या असत. त्या पोथ्यांचे अक्षरही बहुधा ठसठशीत, आणि बरेचसे मुखोद्गत असल्याने डोळ्याने साथ सोडली तरी जिव्हा साथ देई. कीर्तनकाराला, भजन्याला, कथेकऱ्याला चाळिशीवाचून अडत नसे. ज्याला अक्षरच ठाऊक नाही, त्याला अक्षर पुसट झाल्याचे दुःख कोठून असणार? गवतात हरवलेली सुई आणि तांदळातला खडा एवढेच काय ते त्याला सांगत की डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत.

ही स्थिती पालटली ती श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या कारकिर्दीत. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभला आणि १९०६ साली तो कायदा साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केला. मुलांना ७ ते १२ आणि मुलींना ७ ते १० या वयात शाळेत जाणे भाग झाले. नुसते वाचता येऊन भागत नाही, वाचायला पुस्तक हवे, अन्यथा शिकलेले अक्षर विसरते, हेही महाराजांनी ओळखले. म्हणून १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावून त्यांनी ग्रंथालयांची एक साखळीच उभारली. बडोद्यास मध्यवर्ती ग्रंथालय, कसब्यांतून व खेड्यांतून लहान ग्रंथालये, आणि जेथे तेही नाही तेथे पेटीतून हिंडणारे फिरते ग्रंथालय. गावकऱ्यांनी काही वर्गणी जमवावी, तेवढीच भर प्रांताच्या पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने, अशी योजना होती. डभोई तर दळणवळणाचे केंद्र. १८६२ सालीच येथून मियागामपर्यंत अरुंद रुळांची गाडी सुरू झाली होती. प्रथम ती बैलांनी ओढली जाई! पुढे इंजिने आली आणि चहूकडे फाटे फुटले. रुळांवरून कापूस बाहेर गेला आणि छापील कागद आत आला.

आता एक साधा हिशेब करून पाहू. १९०६ च्या कायद्याने जे सात वर्षांचे मूल डभोईच्या शाळेत प्रथम बसले, त्याचा जन्म १८९९ चा. त्याची चाळीस वर्षे पुरी झाली १९३९ साली. त्याच वर्षी, फेब्रुवारी महिन्यात, सयाजीराव महाराज निवर्तले. म्हणजे ज्या राजाने एका पिढीच्या हाती पुस्तक दिले, तो डोळे मिटत होता, तेव्हाच त्या पिढीच्या डोळ्यांपुढील पुस्तक अंधुक होऊ लागले होते. ज्यांच्या वडिलांना आणि आजोबांना वाचनाची चाळिशी कधी लागली नव्हती, कारण ते वाचतच नव्हते, अशा घरांतून ही तक्रार प्रथमच उद्भवली असणार. चाळिशीची ही लाट रोगाची नव्हती. विद्येच्या प्रसाराचेच ते एक लक्षण होते.

परंतु हे लक्षण ओळखणारा कोणी जवळ असेल तर ठीक. नसेल तर काय होते? देवनागरी लिपीचाच दाखला घ्या. 'चिता' आणि 'चिंता' यांत एका टिंबाचा फरक. जवळची दृष्टी उणावली की प्रथम पुसले जाते ते टिंब, मग रफार, मग जोडाक्षराच्या पोटातली गाठ. मोठे अक्षर दिसत राहते, म्हणून मनुष्य आपण आंधळे झालो असे म्हणत नाही. दिवसा उजेडात वाचता येते, दिव्याखाली येत नाही. तेव्हा तो दिव्याला दोष देतो, छापखान्याला दोष देतो, आणि अखेरीस 'आता आपले वाचनाचे दिवस संपले' असे म्हणून पुस्तक बाजूला ठेवतो. शाळेत मिळवलेली विद्या अशा रीतीने, कसलाही गाजावाजा न होता, चाळिशीच्या उंबरठ्यावर परत जाते. स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. चष्मा लावणे म्हणजे म्हातारपण कबूल करणे, या संकोचापायी कित्येकींनी पोथी आणि शिवण दोन्ही सोडून दिली असतील.

मुळात हे होते कशाने? याचे उत्तर मिळण्यास शास्त्रालाही बराच काळ लागला. १६०४ साली केप्लरने दाखवून दिले, की बाहेरच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उमटते आणि भिंग त्या प्रतिमेला नीट जागी आणते. १८०१ साली टॉमस यंग याने सिद्ध केले, की जवळचे पाहताना डोळ्यातील नैसर्गिक भिंगच आपला आकार बदलते. १८५५ साली हेल्महोल्ट्झ याने त्या क्रियेची उपपत्ती मांडली : डोळ्यातील एक स्नायू आकुंचन पावतो, भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग फुगीर होते. लहानपणी हे भिंग फार लवचिक असते. वय वाढते तसतसे ते ताठर होत जाते आणि फुगण्याची त्याची शक्ती कमी होते. हा काही रोग नव्हे. केस पिकण्यासारखाच तो देहाचा धर्म आहे. वाचनाने तो येत नाही आणि डोळे मिटून बसल्याने टळत नाही.

या ऱ्हासाचे माप हॉलंडचा नेत्रवैद्य डोंडर्स याने घेतले आणि १८६४ च्या आपल्या ग्रंथात ते मांडले. त्याचे आकडे आजच्या मापात सांगायचे तर असे : दहा वर्षांचा मुलगा अक्षर डोळ्यापासून ७ सेंटिमीटरांवर आणले तरी स्पष्ट वाचू शकतो. विसाव्या वर्षी हे अंतर १० सेंटिमीटर होते, तिसाव्या वर्षी १४, चाळिसाव्या वर्षी २२, पन्नासाव्या वर्षी ४० आणि साठाव्या वर्षी जवळजवळ एक मीटर. म्हणजे ही उतरण बालपणापासूनच चालू असते. चाळिशीपर्यंत ती जाणवत नाही एवढेच, कारण आपण पुस्तक धरतो ते तीस-चाळीस सेंटिमीटरांवर.

आता चाळिशी खरी की बेताळां खरे, याचा निवाडा करता येईल. चाळिसाव्या वर्षी २२ सेंटिमीटरांवर दिसत असेल, तर त्या माणसाला ४० सेंटिमीटरांवर सहज दिसावयास हवे. मग अडते कोठे? डोंडर्सनंतरच्या नेत्रवैद्यांचा अनुभव असा, की डोळ्याची ही शक्ती अखेरच्या थेंबापर्यंत खर्चून मनुष्याला फार वेळ वाचता येत नाही. अर्धी हाताशी राखून ठेवावी लागते. ओझे एकदा उचलणे निराळे आणि ते डोक्यावर घेऊन कोसभर चालणे निराळे. या हिशेबाने पाहिले, तर पुस्तक ४० सेंटिमीटरांवर धरणाऱ्याची अडचण चाळीस-बेचाळीसच्या सुमारास उंबरठ्यावर येते. परंतु जो सोनार नथीचा मोती ओवण्यासाठी काम २५ सेंटिमीटरांवर धरतो, त्याची अडचण त्याआधीच सुरू होते. आणि जो व्यापारी गादीवर बसून मांडीपलीकडच्या चोपड्यात मोठ्या अक्षरांनी जमाखर्च लिहितो, त्याला पंचेचाळीसपर्यंत पत्ताही लागत नाही. तेव्हा मराठी व गुजराती भाषांचे भांडण मिटले असे समजावे. दोघींचेही खरे आहे, कारण वय हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे उत्तर काम देते.

हाच या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष आहे. मिलानच्या ड्यूकपासून आपल्या आठवड्याच्या बाजारापर्यंत लोकांनी चष्मा निवडला तो वय विचारून. डोंडर्सने शिकवले ते असे, की प्रथम डोळा मोजावा, मग काम विचारावे आणि वय हे केवळ ताळा पाहण्यापुरते घ्यावे. १८७२ साली फ्रान्सच्या मोनोये याने भिंगाचे बळ मोजण्यासाठी 'डायॉप्टर' हे माप सुचवले. त्यालाच आपण बोलीत 'नंबर' म्हणतो. त्याचे गणित सोपे आहे. शंभराला सेंटिमीटरांतील अंतराने भागावे, की त्या अंतरासाठी किती बळ लागेल ते कळते. ४० सेंटिमीटरांवरील पुस्तकाला अडीच, ५० वरील हार्मोनियमपुढच्या वहीला दोन, ३३ वरील शिवणाला तीन. यातले काही बळ डोळा स्वतः पुरवतो, उणे पडते तेवढेच भिंगाने भरावयाचे. म्हणून पंचेचाळीसच्या आसपास पाऊण ते एक, पन्नाशीत सव्वा ते दीड आणि साठीत दोन ते अडीच, असा साधारण क्रम आढळतो. परंतु तो क्रम म्हणजे केवळ सुरुवातीचा अंदाज.

तेव्हा चाळिशी घेण्यास जाताना आपले नेहमीचे काम बरोबर न्यावे. रोज वाचता ते वर्तमानपत्र, ज्ञानेश्वरीची प्रत, शिवणाचा तुकडा, जे असेल ते. नेहमी धरता तेवढ्याच अंतरावर ते धरून पाहावे. ज्या भिंगाने अक्षर सर्वांत मोठे दिसते ते उत्तम, असा पुष्कळांचा समज असतो, तो खरा नाही. फाजील बळाचे भिंग घेतले तर पुस्तक नाकाशी आणावे लागते आणि जरा लांब झाले की पुन्हा अंधुक. ज्याने अक्षर सुखाने वाचता येते, ते कमीत कमी बळाचे भिंग घ्यावे. संगणकाचा पडदा साधारण ६० सेंटिमीटरांवर असतो. पुस्तकाची चाळिशी त्याला जड पडते, हे आजच्या कारकुनांनी ध्यानात ठेवावे. दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून पाहावेत. तयार मिळणाऱ्या स्वस्त चष्म्यांत दोन्ही काचा एकाच बळाच्या असतात. ज्याचे दोन्ही डोळे सारखे आहेत आणि लांबचे नीट दिसते, त्याचे काम त्यावर भागते. परंतु दोन डोळ्यांत अंतर असेल किंवा अक्षरांच्या आडव्या-उभ्या रेघा असमान दिसत असतील, तर चष्मा तपासणीनेच करून घ्यावा. ज्याला लहानपणापासून लांबच्या दृष्टीचा उणा नंबर आहे, त्याला पुष्कळदा चष्मा काढून वाचता येते. उलट ज्याला अधिक नंबर आहे, त्याला चाळिशी लवकर लागते. शेजाऱ्याची चाळिशी आपल्याला का लागू पडत नाही, याचे हेच कारण.

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. पासष्टीचे आजोबा एके दिवशी चाळिशी बाजूला ठेवतात आणि 'मला आता चष्म्यावाचून दिसते' असे अभिमानाने सांगतात. घरातील मंडळी त्यांच्या खाण्यापिण्याचे कौतुक करतात. वास्तविक हे पुष्कळदा मोतीबिंदूचे पहिले पाऊल असते. भिंग दाट होऊ लागल्याने जवळची दृष्टी काही काळ सुधारल्यासारखी वाटते आणि लांबची बिघडत जाते. तसेच नंबर थोडक्या दिवसांत वरचेवर बदलू लागला, तर मधुमेहाची शंका घ्यावी. चाळिशीनंतर काचबिंदू गुपचूप येतो आणि चाळिशीच्या चष्म्याने तो कळत नाही. म्हणून बाजारातून चष्मा घेतला तरी डोळ्यांची तपासणी चुकवू नये. चष्मा लावल्याने डोळे अधिक बिघडतात, ही भीती मात्र निराधार आहे. वाढते ते वय. भिंग त्याच्या मागोमाग जाते, पुढे नव्हे.

हा विषय वाचनाच्या हौशीपुरता मर्यादित आहे असे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगात ८२ कोटी ६० लाख माणसे अशी आहेत, की ज्यांना जवळचे नीट दिसत नाही आणि ज्यांचा उपाय साध्या चष्म्याने होऊ शकतो. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशी उलटलेल्या ७५१ मजुरांवर एक प्रयोग झाला आणि त्याचे फलित २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना जवळचा चष्मा लगेच दिला, काहींना प्रयोग संपल्यावर. ज्यांना चष्मा मिळाला होता, त्यांनी खुडलेल्या पानांचे वजन इतरांहून सुमारे २२ टक्के अधिक वाढले. हे मजूर ग्रंथ वाचत नव्हते. ते पाने वाचत होते, कोणते खुडावे आणि कोणते ठेवावे. हिराभागोळीच्या पाथरवटाचे जे नुकसान तेराव्या शतकात भरून आले नाही, ते आज थोडक्या खर्चात भरून निघते. मग ते भरून काढण्यास विलंब का?

सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय योजनेत तीन वाटे होते : एक गावाचा, एक पंचायतीचा, एक सरकारचा. त्या योजनेतून पुस्तक माणसाच्या हातापर्यंत आले. हातापासून डोळ्यांपर्यंतचे ते एक वीतभर अंतर मात्र चाळिशीनंतर वाढत जाते, आणि ते तोडण्याची जबाबदारीही कोणीतरी नेमाने उचलावयास हवी. डभोईपासून कोकणापर्यंत प्रत्येक गावच्या ग्रंथालयाने आपल्या मेजावर एक, दीड, दोन आणि अडीच नंबरांचे चार चष्मे दोरीला बांधून ठेवले, तर त्यास काय खर्च येईल? दाराशी येऊन वर्तमानपत्राचे मथळे पाहून परत जाणारा एखादा म्हातारा त्यांतील एक चष्मा डोळ्यांवर ठेवील आणि मथळ्याखालचा मजकूरही वाचील. आपल्याला कोणता नंबर लागतो हे त्याला तेथेच समजेल, आणि पुढची तपासणी करून घेण्यासही त्याला सांगता येईल. ज्या घरात अशी वाचन सोडलेली आई किंवा आजी असेल, त्या घरातील मुलांनी तिचे वय मोजत बसू नये. तिच्या हातात तिची पोथी द्यावी, ती किती अंतरावर धरते ते पाहावे, आणि त्या अंतराला साजेल अशी चाळिशी तिला आणून द्यावी.